‘फक्त लेडीज’ राइडचा ऑप्शन पाहिजे का नको, हा वाद ग्रुप न फुटता कसा घालायचा

आमचा संभाजीनगर-पुणे गाडी शेअरिंगचा ग्रुप आहे, शुक्रवारी संध्याकाळी कोण निघतंय, किती सीट रिकाम्या, बाबा पेट्रोल पंपावरून घेणार का वाळूजवरून, पेट्रोलचे किती, एवढंच त्यात चालतं. दिवाळीच्या आधी एका पोरीनं लिहिलं की मला बायकांच्याच गाडीत सीट पाहिजे, असा वेगळा ऑप्शन ठेवा ना. झालं, रात्री अकरापर्यंत मेसेजवर मेसेज, दोघं ग्रुप सोडून गेले, आणि जिनं विचारलं होतं ती तिसऱ्या मेसेजनंतर जी गप्प झाली ती गप्पच. नंतर एका रविवारी आम्ही समोरासमोर बसून तोच विषय परत काढला आणि तेव्हा कुठं काहीतरी हाताला लागलं. दोन्ही वेळेस मी होते, दुसऱ्या वेळेस चर्चा चालवायचं काम माझ्याकडं होतं, म्हणून लिहितेय. कॉलेजात वादविवाद ठेवायचा असंल, कंपनीच्या ट्रान्सपोर्ट कमिटीत हा मुद्दा आला असंल, किंवा तुमचा जालना, लातूर, नांदेडकडं असाच ग्रुप असंल तर कामाला येईल.

आधी प्रश्न कोणता ते ठरवा

पहिल्या रात्री आमचं इथंच चुकलं. सगळे ‘लेडीज ऑप्शन’ म्हणत होते आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट होती. बाई प्रवासी असंल तर तिला बाई ड्रायव्हर मागता यावी, ही एक गोष्ट. गाडी चालवणाऱ्या बाईला ‘मी फक्त बायकाच घेईन’ म्हणता यावं, ही दुसरी. ड्रायव्हर कुणीही असो पण मागच्या सीटवर शेजारी बाईच पाहिजे, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे ‘आठनंतर पोरींनी पुरुषांच्या गाडीत बसायचंच नाही’ असा नियम. पहिल्या तीनमधी बाई निवडते, चौथीमधी तिच्यासाठी दुसरं कुणीतरी निवडतं. ही चार वाक्यं फळ्यावर किंवा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि बोलणाऱ्याला आधी विचारा, तू नेमकं कुठल्या नंबरवर बोलतोयस. निम्मं भांडण तिथंच मिटतं, खरंच सांगते.

बाहेर हे कसं चाललंय ते पण याच चार खणात टाकून बघा. सौदीमधी २०१८ च्या जूनमधी बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली आणि २०१९ ला उबरनं तिथं बाई ड्रायव्हरला बाई प्रवासीच निवडायची सोय दिली, म्हणजे नंबर दोन. अमेरिकेत लिफ्ट नावाच्या ॲप कंपनीनं २०२३ च्या सप्टेंबरात काही शहरांत आणि मग २०२४ ला देशभर बायका आणि नॉनबायनरी (स्वतःला बाई किंवा पुरुष न मानणाऱ्या) लोकांसाठी असा ऑप्शन आणला, पण तो ‘प्राधान्य’ आहे, खात्री नाही, जवळपास कुणी बाई ड्रायव्हर नसंल तर पुरुषाची गाडी येते. आपल्याकडं केंद्र सरकारच्या २०२० च्या ॲग्रीगेटर (म्हणजे ॲपवरून गाडी देणाऱ्या कंपन्या) मार्गदर्शक सूचनांमधी शेअर राइड घेणाऱ्या बाईला फक्त बायकांसोबत बसायचा ऑप्शन द्यायला सांगितला होता, म्हणजे नंबर तीन, आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळानं २०२५ ला जे ॲपच्या गाड्यांचं धोरण मंजूर केलं त्यात शेअर राइडसाठी बाई चालक किंवा बाई सहप्रवासी असा पर्याय धरलाय. त्यामुळं ‘असं कुठं असतं का’ म्हणून कुणी उडवून लावायला लागलं तर एवढं सांगा आणि पुढं चला.

चौथ्या नंबरसाठी चीनचं उदाहरण मात्र सावकाश सांगा, घाईत उरकू नका. तिथं दीदी कंपनीची ‘हिच’ नावाची शेअरिंगची सेवा होती, २०१८ च्या मे महिन्यात आणि परत ऑगस्टमधी त्यातून जाणाऱ्या दोन तरुण बायकांचे खून झाले, सेवा बंद पडली. २०१९ च्या नोव्हेंबरात ती परत सुरू करताना कंपनीनं जाहीर केलं की पुरुषांना रात्री अकरापर्यंत गाडी मिळंल पण बायकांना आठपर्यंतच. लोक इतके भडकले की कंपनीला सगळ्यांसाठीच आठची वेळ करावी लागली. मरण पावल्या बायका आणि घरी लवकर जायचं पण बायकांनीच! आमच्या बैठकीत हे सांगितल्यावर एक काकू पटकन म्हणाल्या, ‘म्हणजे आमच्या हॉस्टेलसारखंच की.’ त्या देवगिरी कॉलेजात शिकल्यात, त्यांच्या वेळचं हॉस्टेलचं गेट त्यांना आठवलं.

म्हणून फळ्यावर चार वाक्यांच्या खाली पाचवं वाक्य मी हे लिहिते आणि चर्चा भरकटली की बोट तिथं ठेवते: रात्री साडेनऊला सिडको बसस्टँडवर उभ्या असलेल्या पोरीला या ऑप्शनमुळं काय मिळतं, आणि नाही मिळालं तर ती काय करते? ‘पुरुष वाईट असतात का’ हा आपला विषयच नाही, त्यावर वर्षभर बोललं तरी त्या पोरीला गाडी मिळत नाही.

कुणी कधी बोलायचं

ज्यांच्यावर परिणाम होतो त्या आधी. सगळ्यात आधी गाडी चालवणाऱ्या बायका, कारण त्यांना कुणी विचारतच नाही, सगळे प्रवाशाचंच धरून बसतात. उबरनं अमेरिकेतला सुरक्षेचा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात काढला त्यात सगळ्यात गंभीर पाच प्रकारांत ड्रायव्हर लोकांच्या तक्रारी पण प्रवाशांच्या जवळपास तेवढ्याच प्रमाणात होत्या. आमच्याकडं गाडी चालवणाऱ्या बायका मोजून पाच. त्यातली एक म्हणाली की मी पुण्याहून एकटी येते, अनोळखी तीन पुरुष मागं बसवून अडीचशे किलोमीटरच्या आसपास जायचं म्हणलं की मी सीट टाकतच नाही, रिकामी येते. हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नंबर दोन दिला तर ती सीट ग्रुपला मिळते, म्हणजे गाड्या वाढतात.

कुणालाही ‘तुझ्यासोबत काय झालं ते सांग’ म्हणायचं नाही. अजिबात नाही. त्याच्याऐवजी चिठ्ठ्या करा, नाव नको, एकाच रंगाच्या पेनानं, डब्यात टाका आणि एकानं वाचून दाखवायच्या. आमच्या चिठ्ठ्यांत जे निघालं ते मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा वेगळंच होतं. ड्रायव्हरविषयी कमी आणि शेजारच्या सीटविषयी जास्त होतं, झोपेचं सोंग करून अंगावर रेलणं, मांडीला मांडी. दोन चिठ्ठ्यांत होतं की प्रवास चांगला झाला पण नंतर महिनाभर त्या माणसाचे गुड मॉर्निंगचे मेसेज, फोटो चांगलाय असं सांगणं. आता यात जुळवणी करून काय होणार? इथं फोन नंबर लपवायची सोय पाहिजे. म्हणजे चिठ्ठ्या वाचल्यावर कळलं की निम्मी तक्रार लेडीज ऑप्शननं सुटणारच नाही.

आणि एका चिठ्ठीत फक्त एवढं: ‘बाईची गाडी असंल तरच घरचे पाठवतात.’

इथं थांबा, आणि ग्रुपला थांबवा. आपल्याकडं हा मुद्दा सगळ्यात जड आहे. अंबड, सेलू, औसा कुठलंही घर घ्या, पोरीला पुण्याला मुलाखतीला जायचंय तर आधी प्रश्न ‘कुणासोबत?’ हाच असतो. लेडीज ऑप्शन आला की काही पोरींना पहिल्यांदा घराबाहेर पडायला मिळतं, हे मी डोळ्यानं बघितलंय, एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा पण गर्दीत किती नवीन चेहरे दिसायला लागले बघा. पण तोच ऑप्शन दुसऱ्या घरात फास होतो, जी पोरगी आत्तापर्यंत कुणाच्याही गाडीत बिनधास्त जात होती तिचा भाऊ म्हणतो, आता लेडीज गाडी असते ना, मग तीच मिळाली तर जा, नाहीतर राहू दे. दोन्ही खरं आहे. एकीला हो म्हणायला जी गोष्ट कामी येते तीच दुसरीला नाही म्हणायला. चर्चेत जर कुणी फक्त एकच बाजू सांगत असंल तर त्याला दुसरी बाजू त्याच्याच तोंडानं मांडायला लावा. आम्ही हे केलं. ‘पाहिजेच’ म्हणणाऱ्या दोघींना ‘नको’ची बाजू पाच मिनिटं, आणि ‘नको’ म्हणणाऱ्या एका दादाला ‘पाहिजे’ची. तो सुरुवातीला अडखळला, मग त्याच्या बहिणीचं सांगायला लागला आणि शेवटी पाच मिनिटं त्याला कमी पडली.

पुरुष दुखावले तर

दुखावतातच, आणि त्यांना झटकून टाकू नका. आमच्यातल्या एका दादानं विचारलं, ‘ताई, दोन वर्षं मी तुम्हाला घरापर्यंत सोडतोय, आता मी चालत नाही का? काहून?’ त्याला खरंच लागलंय हे मेसेजवरूनच कळत होतं. पहिल्या रात्री त्याला कुणीतरी ‘तुला एवढं काय झोंबलं’ म्हणालं आणि तो निघून गेला. तो अजून परत आलेला नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

त्याला आज उत्तर द्यायचं झालं तर मी म्हणीन, दवाखान्यात बाई लेडी डॉक्टर मागते तेव्हा पुरुष डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही. एसटीत बायकांच्या राखीव सीट आहेत, मुंबईच्या लोकलमधी लेडीज डबा आहे, रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातच त्याची तरतूद आहे, त्यानं बाकीच्या डब्यातल्या माणसांवर आरोप होत नाही. आणि तू ज्यांना सोडतोस त्या तुझ्याच गाडीत बसणार, त्यांना ऑप्शन दाबायची गरजच नाही. ऑप्शन आहे तो तुला न ओळखणाऱ्या पोरीसाठी.

पण एक फरक विसरू नका. आपल्या ग्रुपात पेट्रोल वाटून घ्यायचंय, इथं कुणाची रोजीरोटी नाही. ॲपवर गाडी किंवा रिक्षा चालवणाऱ्याचा कर्जाचा हप्ता असतो, त्याच्या वाट्याच्या भाड्यातून बायका वजा झाल्या तर त्याला फटका बसतो आणि तो मुद्दा खोटा नाही. कॅलिफोर्नियात २०२५ ला पुरुष ड्रायव्हरांनी याच कारणावरून उबर आणि लिफ्टवर दावे लावले. आपल्याकडं कायद्याची बाजू मांडणाऱ्यांनी दोन्ही कलमं मांडावी: राज्यघटनेचं कलम १५ लिंगावरून भेदभाव करू नका म्हणतं आणि त्याच्याच तिसऱ्या उपकलमात बायका आणि मुलांसाठी सरकारला खास तरतूद करायची मोकळीक आहे. अर्धंच वाचून टाळ्या घेणारे लई असतात. खाजगी ॲपला हे सरळ लागू होतं का, हा वेगळा वाद आहे, वकिली शिकणारं कुणी असंल तर त्याच्याकडं द्या.

आडनावाचा मुद्दा

हा कुणीतरी काढणार, नाही काढला तर तुम्ही काढा. आमच्या बैठकीत एका ड्रायव्हर भाऊनं शांतपणे सांगितलं की माझं नाव बघून आजच लोक सीट कॅन्सल करतात, आज बाई-पुरुष निवडायला दिलं तर उद्या नाव-आडनाव निवडायला मागतील. एक मिनिट कुणीच बोललं नाही. संभाजीनगरात, नांदेडात, परभणीत राहणाऱ्याला हे समजवून सांगायची गरज नाही.

याचं उत्तर तयार ठेवून जा. माझं असं: बाई बाई मागते त्याच्या मागं एक ठराविक धोका आहे, तो नोंदलेला आहे, गुन्ह्याच्या तक्रारीत दिसतो. आडनाव टाळण्याच्या मागं धोका नाही, नुसता तिटकारा आहे, आणि कलम १५ मधी धर्म-जात पण लिहिलेली आहे. म्हणून आम्ही ठरवलं की लेडीज ऑप्शन ठेवायचा असंल तर सीट पक्की होईपर्यंत नाव पूर्ण दाखवायचंच नाही, फक्त पहिलं अक्षर, गाडीचा नंबर आणि आधीच्या प्रवाशांनी काय सांगितलं ते. आणि सीट पक्की झाल्यावर कारण न देता कॅन्सल केलं तर त्याची नोंद. त्या भाऊच्या एका वाक्यामुळं ग्रुपात जी सुधारणा झाली ती सगळ्यांच्या फायद्याची झाली.

‘लेडीज’ कोण हे कोण ठरवणार, हा पण प्रश्न येतो आणि काहीजण हसतात. हसू देऊ नका. सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांविषयीच्या २०१४ च्या नालसा खटल्याच्या निकालात माणसाला स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य केलाय आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा २०१९ चा आहे. सांगंल ते मान्य, आणि कुणी खोटं सांगून बसला तर ग्रुपमधून कायमचा बाहेर. आम्ही दोन मिनिटांत पुढं गेलो.

आकडे कसे धरायचे

चर्चेत कुणी आकडा फेकला की विचारा: कितीमधून, कुठल्या वर्षाचा, आणि कुणी सांगितला. उबरच्याच त्या अहवालाचं घ्या. २०१८ मधी अमेरिकेत लैंगिक अत्याचाराच्या ३,०४५ तक्रारी नोंदल्या. एकजण म्हणतो बापरे. दुसरा म्हणतो त्या वर्षी १३० कोटी राइड झाल्या, म्हणजे काहीच नाही. दोघांनाही बसवा. ३,०४५ माणसं ‘काहीच नाही’ होत नाहीत, आणि जे तक्रार करत नाहीत ते यात नाहीतच. पण त्याचा अर्थ प्रत्येक गाडीत धोका असा पण होत नाही.

खरं गणित मात्र गाड्यांचं करा, कागदावर, सगळ्यांसमोर. समजा शहरात एका संध्याकाळी ॲपच्या १०० गाड्या सुरू आहेत, त्यातल्या ५ बायकांच्या. ४० जणींनी लेडीज ऑप्शन दाबला. एका राइडला एकच प्रवासी आणि अर्धा तास धरा, तर पहिल्या अर्ध्या तासात ५ जणी गेल्या आणि ३५ जणी रस्त्यावर उभ्या. तासाभरानं १० गेल्या, ३० उभ्या. म्हणजे गाडीतला धोका टाळायला आपण तिला रस्त्यावरच्या धोक्यात उभं केलं. फळ्यावर हे मांडल्यावर ‘पाहिजेच’ म्हणणारी मीच गप्प झाले. ऑप्शन चांगला का वाईट हे त्या ५ वर ठरतं. ५ चे २५ झाले तर तोच ऑप्शन सोन्यासारखा.

मग ५ चे २५ कसे होतील यावर बोला, इथं वेळ द्या. राज्य सरकारच्या पिंक ई-रिक्षा योजनेत २० टक्के सरकार देतं, १० टक्के बाईनं घालायचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. पैशाची वाट निघाली तरी स्टँडवर बाईला जायला स्वच्छ बाथरूम नसंल, चार्जिंगला रात्री एकटं उभं राहावं लागत असंल, तर ती अंधार पडायच्या आत घरी जाणार, आणि आपल्याला गाडी पाहिजे साडेनऊला. त्या आमच्या पाचजणींना विचारलं तर एकीनं सांगितलं, मला रात्री पंक्चरची भीती वाटते, बाकी कशाची नाही. आता ग्रुपातले तीन दादा त्या रस्त्यावर फोनवर उपलब्ध असतात, त्यांची नावं तिच्याकडं आहेत. एवढ्यानं तिची शुक्रवारची सीट सुरू झाली.

ऑप्शन आला म्हणून बाकीचं सोडू नका

हे थोडक्यात सांगते. दिल्लीत २०१४ च्या डिसेंबरात ॲपच्या गाडीत बलात्कार झाला तेव्हा ड्रायव्हरवर आधीचे गुन्हे होते आणि ते तपासणीत सुटले होते. तपासणी नीट झाली असती तर तो गाडीवर बसलाच नसता. त्यामुळं लायसन, पोलीस व्हेरिफिकेशन, गाडीचा नंबर जुळवणं, ओटीपी, लोकेशन शेअर, हे सगळं सगळ्यांना, ऑप्शन दाबला असो वा नसो. टॅक्सी-बससारख्या भाड्याच्या नवीन प्रवासी वाहनांना २०१९ पासून ट्रॅकिंग आणि पॅनिक बटण सक्तीचं आहे, बसल्यावर बटण कुठाय ते बघायची सवय लावा. ११२ (तातडीची मदत) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) फोनमधी सेव्ह करा. आणि ग्रुपात ‘तिनं लेडीज गाडी का नाही घेतली’ हे वाक्य कधीच, कुणीच बोलायचं नाही, हा नियम आम्ही लेखी केलाय. तो सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

निर्णय कसा घ्यायचा

हात वर करून नको, परत चिठ्ठी. चारही नंबरवर वेगवेगळी. आणि बायकांच्या चिठ्ठ्या आधी मोजून आकडा वेगळा सांगा, मग सगळ्यांचा. आमच्याकडं नंबर दोन आणि तीनला बहुतेक सगळे हो, नंबर एकला ‘हो पण’ आणि नंबर चारला बायकांकडून एकही हो आला नाही, पुरुषांकडून चार आले. ते चार वाचून दाखवल्यावर खोलीत जी शांतता झाली ती भाषणानं झाली नसती.

कायमचं काही ठरवू नका, तीन महिने करून बघा म्हणा, आणि काय लिहून ठेवायचं ते आजच ठरवा: किती जणींनी मागितली, किती जणींना मिळाली, किती वेळ थांबल्या, न मिळाल्यावर काय केलं. आमच्या ग्रुपच्या वर आता हा मेसेज पिन केलेला आहे, पाहिजे तर तसाच घ्या:

‘बाई प्रवासी किंवा बाई ड्रायव्हर “फक्त लेडीज” लिहू शकते, कारण विचारायचं नाही. वीस मिनिटांत जुळलं नाही तर ग्रुपमधी सांगायचं, मग आधी तिघांनी तरी चांगलं म्हणलेल्या ड्रायव्हरची गाडी सुचवायची, पुरुष असला तरी, आणि घ्यायची का नाही ते तिनं ठरवायचं. गाडी येईपर्यंत एकजण तिच्यासोबत फोनवर. कुणाचं आडनाव विचारायचं नाही. पोहोचल्यावर “पोचले” एवढं टाकायचं, अर्ध्या तासात नाही आलं तर ॲडमिन फोन करणार.’

पिन केल्यावर चौथ्या दिवशी, शुक्रवारी, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी त्याच पोरीचा मेसेज आला जी दिवाळीच्या आधी गप्प झाली होती. ‘फक्त लेडीज, सिडको ते वाकड, एक सीट.’ लेडीज गाडी जुळली नाही, ती नऊलाच गेली होती. दुसरी सुचवली, तिनं घेतली. रात्री अडीचला ‘पोचले’ आलं, तोपर्यंत आम्ही तिघीजणी जाग्या होतो.